ओलं वजन

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला आत बोलावलं तेव्हा आमचे हे टेबलावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंगावर हिरवी चादर होती. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे." माझा चेहरा बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, तिथे जखमा होतात, आणि त्यातून रक्त पडत राहतं. का होतं, ते अजून कोणाला नक्की कळलेलं नाही.

मी शिवणकाम करणारी बाई. अस्तर म्हटल्यावर मला कोटाचं अस्तरच डोळ्यांपुढे आलं. बाहेरून कोट धड आणि आतून सगळा उसवलेला.

"बरा होते का जी?" यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"आटोक्यात राहतो," डॉक्टर म्हणाले. "पण हा नुसता पोटाचा आजार आहे असं समजू नका. हा सगळं अंग खातो."

हे शेवटचं वाक्य आम्ही दोघांनी नीट ऐकलं आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर येईपर्यंत विसरूनही गेलो. पोट बिघडलंय, ते जपायचं, एवढंच डोक्यात राहिलं. तुमच्या घरी कोणाला हा आजार निघाला असेल, तर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण ते वाक्य दोनदा वाचा. आम्हाला ते समजायला जवळजवळ एक माणूस खर्ची पडला असता.

यांचं नाव सुखदेव. तोंडाने घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून कागदावर घेते. सिहोऱ्याच्या राईस मिलमध्ये हे मापारी होते. शेतकऱ्याचं धान आलं की ते तोलायचं, आणि तोलण्याआधी पारखायचं. ओलं धान जड भरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कोणी घाईत अर्धवट वाळवून आणतो, कोणी मुद्दाम पाणी शिंपडतो. हे पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. आत गारवा लागला की एक भुवई वर जायची. मग एक दाणा दाढेखाली धरायचे. सुका दाणा कट् करून तुटतो, ओला नुसताच चेपतो. "वाळवून आन गा भाऊ, पानी तोलाले नाई बसलो म्या इथं," असं तोंडावर सांगायचे. त्यांच्या दाढेला फसवणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. घरी मात्र भात कच्चा राहिला काय नि करपला काय, ताटात पडेल ते मुकाट्याने खायचे. तेव्हा ती दाढ कुठे जायची कोण जाणे.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. उन्हाळ्याच्या शेवटी यांचं पोट सुटलं. पहाटे लोटा घेऊन बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीकडे जाणं नेहमीचंच, पण आता हे दुपारीही जाऊ लागले, मिलमधून उठून जाऊ लागले. विचारलं तर म्हणायचे, पाणी बाधलं असेल. रक्त पडत होतं हे त्यांनी मला सांगितलंच नाही. पायजमा धुताना मला दिसलं. "मूळव्याध असन, तू कायले घाबरतेस?" असं म्हणून माझ्यावरच डाफरले. पुरुषमाणूस सगळं दाखवेल, एवढं दाखवणार नाही. तुमचा माणूस असा लपवत असेल तर त्याचं ऐकू नका.

तुमसरच्या डॉक्टरांनी आव समजून औषधं दिली. त्या काळी आमच्या भागात रक्ताची आव इतकी असायची, की दुसरं काही कोणाच्या मनातही यायचं नाही. भंडाऱ्यालाही तेच झालं. संध्याकाळी अंग तापायचं, गुडघे सुजायचे. पावसाळ्याच्या मध्यावर भंडाऱ्याच्या डॉक्टरांनीच नागपूरची चिठ्ठी दिली. तिथे सिग्मॉइडोस्कोपी झाली, म्हणजे शौचाच्या मार्गाने नळी घालून आतड्यात डोकावणं. त्यानंतरचं वर सांगितलंच आहे.

सल्फासॅलाझिनच्या मोठ्या पिवळ्या गोळ्या सुरू झाल्या, आणि प्रेडनिसोलोन. हे स्टिरॉइड आहे, आतली सूज दाबून टाकणारं औषध. ते एकदम सोडायचं नसतं, हळूहळू उतरवायचं असतं. त्या गोळ्यांनी जादू केली. रक्त थांबलं, भूक लागली, चेहरा वाटोळा झाला. गाल भरले म्हणजे माणूस सुधारला, असं सगळे म्हणाले. तो गोलपणाही औषधाचाच होता, पण आम्हाला कोण सांगणार? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध उतरवत आणलं. दिवाळी चांगली गेली.

मार्गशीर्षात मळणीचं धान मिलवर यायला लागलं आणि पोट पुन्हा फिरलं. या वेळी गाजावाजा न करता. दिवसाला एक-दोन फेऱ्या जास्त, थोडंसं रक्त, थोडी कळ. हे म्हणाले, पुढची तारीख होळीच्या आसपासची आहेच, तेव्हा दाखवू. आणि तोवर आम्ही घरचा इलाज सुरू केला.

आमचा मुलूख भाताचा. अंगात काहीही आलं की आमच्याकडे पहिली चुलीवर चढते ती पेज. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवायचा, ती पातळ पांढरी पेज गाळून घ्यायची, मीठ घालायचं आणि वाटीवाटीने पाजायची. तापात पेज, बाळंतपणात पेज, पोट बिघडलं तर नुसती पेजच. सासूबाईंनी चार लेकरं पेजेवर जगवली होती. त्यांच्या हातात वाटी आली की घरात दुसऱ्या कोणाचं चालत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही चालवायचं नव्हतं. मलाही ते पटतच होतं.

एकेक करून सगळं बंद झालं. दूध बंद, पोटात ढवळतं म्हणून. डाळ बंद, वायू होतो. अंडं गरम पडतं. मासळी जड जाते. एकेक वस्तू बंद झाली, की खरोखरच दोन दिवस फेऱ्या कमी व्हायच्या. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार? पण आम्हाला वाटायचं, गुण येतोय. सासूबाई म्हणायच्या, "पाहा वं, पेज कशी बसून राह्यली त्याच्या पोटात." शेवटी सकाळ, दुपार, संध्याकाळ मिठाची पेज, एवढंच उरलं.

मिलच्या यंत्राचा पट्टा शनिवारी लवकर थांबायचा. तेव्हा हमाल गंमत म्हणून धानाच्या मोठ्या काट्यावर उभे राहून आपापलं वजन करायचे, हरणारा चहा पाजायचा. आता ते यांनाही काट्यावर उभं करू लागले. सगळ्यांत जुना हमाल लहानू, यांचा लहानपणचा सोबती. काट्यावर वजनं तोच ठेवायचा. आधी आकडा मोठ्याने ओरडून सांगायचा. पौषात त्याने ओरडणं बंद केलं. नंतर तर तो वजनं हलकेच उचलून बाजूला ठेवायचा आणि विषय बदलायचा. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा एकदा हे पाहिलं. डब्यात पेजच होती.

मग होळीच्या तोंडावर एका शनिवारी लहानू आमच्या अंगणात धापा टाकत आला. "वहिनी, भाऊचं वजन वाढलं." पुढच्या शनिवारी आणखी वाढलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मिलच्या सेठजींनी पेढे आणवले. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की पेजेचा विजय झालाय हे बोलायची गरजच उरली नाही. मी दाराआड जाऊन रडले. इतके दिवस आतल्या आत कोंडलेलं होतं, ते सगळं निघालं.

नागपूरची तारीख जवळ आली होती. मी पिशवी भरायला घेतली तर हे म्हणाले, "वजन वाढून राह्यलं ना आता? मंग कायले जा लागते एवढ्या दूर? सीजन जोरात हाय." मी पिशवी खुंटीला टांगली. मला वाद घालावासा वाटला नाही. काटा काय खोटं बोलणार आहे?

त्या दिवसांत एक गोष्ट मला खुपत होती, पण ती काय आहे ते कळत नव्हतं. यांचे कपडे मीच शिवायची. सदऱ्याच्या बाह्या ढगळ झाल्या म्हणून मी त्या आत घेतल्या. त्याच आठवड्यात पायजम्याची कंबर आवळते म्हणाले, म्हणून ती सैल केली. पुन्हा बाह्या आत घेतल्या, पुन्हा कंबर सोडली. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या माझा पाय थांबला. माणूस जाड होतो तेव्हा सगळीकडून होतो, बारीक होतो तेव्हाही सगळीकडून. हे कसलं अंग, जे वरून आटतंय आणि खालून भरतंय? मी उठून पाणी प्यायले आणि पुन्हा शिवायला बसले. भीती वाटली की बाईमाणूस हातातलं काम भराभर उरकतं, तसं मी केलं.

पण डोळे काही मिटून घेता येत नाहीत. संध्याकाळी नाडा सोडला की कमरेवर खोल वळ दिसायचा आणि झोपेपर्यंत तसाच राहायचा. चपलेचा पट्टा पावलात रुतायचा. सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं असायचं, दुपारपर्यंत ते उतरायचं आणि मग पोटऱ्या ताठ व्हायच्या. पाठ चोळताना खांद्याची हाडं माझ्या हाताला अशी लागायची, की मी साबण लावून लवकर पाणी ओतायची. कंगव्यात केस यायचे. नखं पांढरी पडली होती. दोन पावलं चालले की दम लागायचा. मी सासूबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "अंग भरून राह्यलं त्याचं. नजर नको लावू."

चैत्र लागला तेव्हाची गोष्ट. भर दुपारी हे मिलमधून घरी आले. या वेळी ते कधीच येत नसत. ओट्यावर बसले. मी पाणी दिलं ते तसंच ठेवलं.

मग म्हणाले, "एका कास्तकाराचा धान परत पाठोला म्या. ओला हाय म्हटलं. त्यो म्हणे, आठ दिस उन्हात पडला होता. लहानूनं दाना चावून पाह्यला. कट्टकन तुटला."

"मग?"

"माह्या दाताखाली नाई तुटला. माह्या जबड्यात जोरच नाई वं. सुका धान मले ओला लागून राह्यला."

मी या माणसाला कधी रडताना बघितलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत. नुसते आपल्या गालावर, दाढेच्या जागी, बोटं दाबत बसले. खुंटीवरची पिशवी मी तेव्हाच खाली काढली. सासूबाई काहीतरी म्हणाल्या, पण मी ऐकायला थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने तुमसर आणि तिथून रेल्वेने नागपूर. ऊन असं की डब्याच्या खिडकीचे गज धरवत नव्हते. हे बाकावर पाय वर घेऊन बसले होते, आणि त्यांच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्याची खूण होती. तुमसरला चप्पल काढली होती, नागपूर आलं तरी ती खूण गेली नव्हती.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बरीच वाट बघावी लागली. डॉक्टर तेच होते. मी तरी आधी आशेने सांगितलं, "वजन वाढलंय हो यांचं." डॉक्टर खाली वाकले, यांच्या नडगीवर अंगठा ठेवला, दाबून धरला आणि उचलला.

खड्डा पडला. अंगठ्याच्या मापाचा खड्डा. मी वाट बघत होते की तो आता भरेल. डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी ओढून बघितली, दंडाची कातडी चिमटीत धरली, पोटावर बोटं वाजवली. खड्डा तिथेच होता.

"जेवतात काय?"

"पेज," मी म्हटलं.

"आणखी?"

"पेजच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्टूल ओढून आमच्यासमोर बसले आणि त्यांनी जे समजावलं ते मी तुमच्यासाठी जमेल तसं मांडते.

मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय. खाल्लेल्या अन्नाचं अंग होणं, आणि गरज पडली की अंगाचंच इंधन होणं, असा हा दुहेरी कारभार शरीरात अखंड चालू असतो. धडधाकट माणूस उपाशी राहिला तर त्याचं शरीर शहाणपणाने वागतं. आधी चरबी वापरतं, मांस जपून ठेवतं. पण आतड्यात सूज पेटलेली असली की ते शहाणपण जातं. सुजेला सतत इंधन लागतं. ताप येतो, त्यालाही इंधन लागतं. त्यात भूक मेलेली, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मग शरीर दंड, मांड्या, पाठ, जबडा, जिथे मिळेल तिथलं मांस मोडून जाळायला लागतं. स्टिरॉइड सूज दाबतं, पण मांस मोडायला तेही हातभार लावतं. म्हणून अशा माणसाला इतरांपेक्षा जास्त प्रोटीन, म्हणजे प्रथिनं, द्यावी लागतात. डाळ, अंडी, दही, मासळी. आम्ही नेमकं तेच शोधून शोधून बंद केलं होतं.

आणि वजन? रक्तात अल्ब्युमिन नावाचं एक प्रथिन असतं. रक्तातलं पाणी नसांमध्ये धरून ठेवणं हे त्याचं काम. सुजलेल्या आतड्यातून ते गळून जातं, आणि सूज असेपर्यंत यकृतही ते नीट बनवत नाही. ते कमी पडलं की पाणी नसांमधून बाहेर झिरपतं. पायात उतरतं, पोटात साचतं. वर आम्ही रोज मिठाचं पाणी पाजत होतो, ते कुठे जाणार? याला इडिमा म्हणतात, अंगावरची पाण्याची सूज. आत माणूस आटत असतो आणि बाहेर वजन वाढत असतं.

हे सगळं ऐकेपर्यंत आमचे हे मान खाली घालून बसले होते. नडगीवरचा तो खड्डा अजून पुरता भरला नव्हता. त्याच्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे म्या ओला धान हाय."

डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, हे मापारी आहेत, ओलं धान जड भरतं. डॉक्टरांनी पुन्हा त्या खड्ड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अगदी तेच. आता यातलं सुकं किती उरलंय, ते बघायचंय."

त्यांना तिथेच भरती केलं.

तपासण्या झाल्या. अल्ब्युमिन फार खाली गेलेलं, रक्त निम्म्यावर आलेलं. सर्जनसाहेबांनाही बोलावलं. त्यांनी मला व्हरांड्यात उभं करून सरळ सांगितलं. रक्त पडणं औषधाने थांबलं नाही तर मोठं आतडं काढावं लागेल. पण या अवस्थेत काढलं, तर टाके धरायला अंगात काही नाही, जखम भरून येणार नाही. म्हणजे ऑपरेशन नाही केलं तरी धोका आणि केलं तरी धोका. आधी अंगात प्रथिनं चढली पाहिजेत, आणि तोवर रक्त वाढता कामा नये. दोन्ही आमच्या हातात नव्हतं. एवढंच माझ्या हातात होतं की जे देतील ते यांच्या घशाखाली उतरवायचं.

शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं, तेही स्टिरॉइडच. लघवी होण्याचं औषध सुरू झालं. त्याने अंगातलं पोटॅशियमही निघून जातं आणि मग हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून त्याचं वेगळं औषध आणि शहाळं. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढली, म्हणून इन्शुलिन. एक धागा ओढला की दुसरीकडे चुण्या पडतात, तसं चाललं होतं. सगळं अंग खातो म्हणजे काय, ते मला आता कॉटेशेजारी बसून दिसत होतं.

रक्ताची गरज पडली तेव्हा लहानू चार हमालांना घेऊन रेल्वेने आला. रक्त दिलं की माणूस कामातून जातो, असं मिलमध्ये सगळे मानायचे. त्यांतले दोघे बायकोला न सांगता आले होते. लहानू सुईकडे न बघता छताकडे बघत पडून राहिला आणि उठल्यावर म्हणाला, "भाऊले सांग, हमालाचं रक्त हाय. आता पोतं उचलाले लागन." हे हसले. किती दिवसांनी हसले.

लहानूबरोबर सासूबाई आल्या होत्या. पितळेच्या डब्यात फडकं बांधून पेज आणली होती, सिहोऱ्याहून नागपूरपर्यंत मांडीवर धरून. डॉक्टर त्याच वेळी फेरीवर आले. त्यांनी डबा बघितला, फडकं सोडून आत बघितलं. मला वाटलं, आता म्हाताऱ्या बाईचा पाणउतारा होणार. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, पोराचं पोट जपलंत तुम्ही. पण आता त्याला अंग पाहिजे. यातलं पाणी आम्हाला द्या, त्याला दाट भात आणि वरून अंडं द्या."

सासूबाईंनी फडकं पुन्हा डब्यावर बांधलं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी लेकाच्या पायावर, मी दाखवलं तसा, अंगठा दाबून बघितला. खड्डा बघत राहिल्या. मग डबा उचलून मोरीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डबा रिकामा होता. माझ्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "म्या पोराले पानीच पाजलं वं." मी त्यांचा हात धरला. पाजणारी मीही होतेच.

पाणी उतरायला लागलं तसं वजन घटायला लागलं. वॉर्डात रोज सकाळी काट्यावर उभं करायचे. नर्स सांगायची, छान, कमी झालं. तिला छान वाटायचं आणि माझा जीव अर्धा व्हायचा, कारण रोज थोडं थोडं करून माझ्यासमोर जे उघडं पडत होतं ते बघवत नव्हतं. पावलं उतरली, पोट उतरलं, डोळ्यांखालचं गेलं. आणि एका सकाळी, जेव्हा अंगठा दाबला तर खड्डा पडेना, तेव्हा चादरीखाली जो माणूस उरला होता तो मी कधी पाहिलाच नव्हता. दंड माझ्या मनगटापेक्षा जरा जाड. होळीपासून आम्ही ज्याच्या वजनाचे पेढे खात होतो, तो आत हा होता.

त्यांनी विचारलं, "किती भरलो?"

मी आकडा सांगितला. खोटं सांगावं असं वाटलं होतं, पण तोलणाऱ्या माणसाला खोटं वजन कसं सांगणार?

डोळे मिटून पडले. मग म्हणाले, "सुका तं हाय ना? सुका असला म्हंजे झालं. आता यावरच भरती करू."

त्या दिवसापासून ते खायला लागले. भूक नसताना खाल्लं. ओकारी आली तर तोंड धुऊन पुन्हा घास घेतला. अंडं, दही, मुगाचं दाट वरण, पुढे मासळी. मी चमचा पुढे करायची आणि ते औषध घेतल्यासारखं तोंड उघडायचे. रक्त कमी होत होत थांबलं. अल्ब्युमिनचा रिपोर्ट किंचित वर आला, मग आणखी वर. सर्जनसाहेब एक दिवस आले, कागद बघितला आणि पुढच्या कॉटकडे गेले. इतकं चांगलं न बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत आम्ही घरी आलो. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना इथे सांगून टाकते. ही गोष्ट इथे संपत नाही. नंतरच्या वर्षांत दोनदा आजार उलटला, एकदा पुन्हा भरती करावं लागलं. आतडं अजून पोटात आहे, पण सर्जनसाहेबांनी ते कायमचं सोडून दिलेलं नाही. आजार जुना होत गेला की त्याच आतड्यात कर्करोगाची भीती असते, म्हणून अधूनमधून नळी घालून बघावं लागतं. आम्ही जातो. आता पिशवी खुंटीला टांगत नाही. डॉक्टरांचे, त्या नर्सचे, लहानूचे आणि त्याच्या सोबत्यांचे उपकार फेडण्याजोगे नाहीत, म्हणून फेडण्याचं बोलतही नाही. सासूबाई गेल्या साली वारल्या. शेवटच्या आजारात त्यांनी स्वतः मात्र पेजच मागितली, आणि ती मीच करून दिली.

पूर्वी मला वाटायचं, अंग भरलं की माणूस सुखात आहे. आता कोणी कोणाला म्हटलं, काय तब्येत सुधारली हो तुमची, की माझी नजर आधी त्याच्या पावलांकडे जाते. हा काही चांगला स्वभाव नव्हे, पण तो आता जायचा नाही.

हे पुन्हा मिलच्या काट्यावर बसतात. दाढ परत आली. मी डबा घेऊन जाते, त्यात वरण-भात असतो आणि उकडलेलं अंडं. शनिवारी पट्टा थांबला की लहानू हाक मारतो. पण काट्यावर चढायच्या आधी हे पोत्यावर बसतात, पायजमा नडगीपर्यंत वर घेतात आणि पाय माझ्यापुढे करतात. सगळ्या हमालांसमोर. पहिल्यांदा मला लाज वाटली होती. मी वाकते, अंगठा ठेवते, दाबून धरते आणि उचलते.

मग आम्ही दोघं त्या जागेकडे बघत राहतो. लहानू वजनं हातात घेऊन उभा असतो. मी मान हलवेपर्यंत तो ती काट्यावर ठेवत नाही.